खूण नुसती सांगते की काम करते?

वस्तू जुनीच आहे, फक्त तिच्यावरची छपाई नवी आहे. एवढ्यावर पेटंट मिळावे का? मोजपट्टी, औषधाची बाटली, सिरिंज, तिकीट, खेळाचे पत्ते, शैक्षणिक तक्ते बनवणाऱ्या मुंबईतल्या लहान उत्पादकांसाठी हा प्रश्न पैशांचा आहे, कारण अर्ज, तपासणी आणि वकील यांवर खर्च होऊन शेवटी हाती नकार येऊ शकतो. ग्राहकासाठी तो त्याहून मोठा आहे. एखादी उपयुक्त खूण एकाच कंपनीच्या मालकीची झाली, तर बाकीच्यांनी ती वापरायची नाही, असा त्याचा अर्थ होतो.

आमचे मत असे: जी खूण माणसाच्या डोळ्यांतून डोक्यात जाते आणि तिथेच तिचे काम संपते, तिला पेटंट नको. ती कितीही उपयोगाची असली तरी नको. पण जी खूण वस्तूच्या किंवा यंत्राच्या कामातच भाग घेते, तिला ‘ही तर छपाई’ म्हणून बाजूला सारणे हा अन्याय आहे. आपल्याकडे पहिली गोष्ट कायद्यात स्पष्ट आहे, दुसरीबाबत मात्र स्पष्टता नाही.

१९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये शोध न मानल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी आहे. २००२ च्या दुरुस्तीने त्यात ‘एन’ हे पोटकलम (पुढे ‘३-एन’) आले आणि २० मे २००३ पासून ते लागू झाले. त्यातला मजकूर एवढाच: माहितीचे सादरीकरण. पेटंट कार्यालयाच्या कार्यपद्धती पुस्तिकेत याचा खुलासा आहे. शब्द, संकेत, चिन्हे, आकृत्या अशा कुठल्याही मार्गाने माहिती मांडण्याची रीत पेटंटयोग्य नाही. उदाहरणे रेल्वेच्या वेळापत्रकाची आणि शंभर वर्षांच्या कॅलेंडरची दिली आहेत. कुठल्या शब्दावर जोर द्यायचा हे आडव्या रेघांनी आणि शब्दांचे लयीनुसार गट उभ्या रेघांनी दाखवणारा उच्चारशिक्षणाचा छापील मजकूरही त्याच उदाहरणांत येतो.

हा नियम कडक का हवा, ते इन्सुलिनच्या सिरिंजवरून सर्वांत चांगले कळते. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते, तर पेनच्या काडतुसातले १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या आहेत. ४० वाल्या सिरिंजचे टोपण लाल, १०० वाल्याचे नारिंगी. दोन्हींत नळी, दट्ट्या आणि सुई असते. खरा फरक नळीवर छापलेल्या रेघांचा. आता चूक कशी होते ते पाहा. डॉक्टरांनी २० युनिट सांगितले आहेत, कुपी ४० ची आहे आणि हातात १०० ची सिरिंज आली. रुग्ण २० च्या रेघेपर्यंत दट्ट्या ओढतो. आत येते ०.२ मिलिलिटर, म्हणजे फक्त ८ युनिट. साखर चढतच राहते आणि कारण कळत नाही. उलट घडले, म्हणजे १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर ०.५ मिलिलिटर येते. ते होतात ५० युनिट. अडीचपट इन्सुलिन शरीरात गेले तर रक्तातली साखर जीवघेण्या पातळीपर्यंत उतरू शकते.

इथे छापील रेघ जीवनमरणाचा फरक करते. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती कुणाच्या मालकीची होता कामा नये. लाल टोपण आणि ४० ची पट्टी एका कंपनीच्या पेटंटमध्ये अडकली असती, तर दुसऱ्या कंपनीने हिरवे टोपण आणि वेगळी पट्टी आणली असती, तिसरीने आणखी काही. रुग्णाने ब्रँड बदलला की त्याला नव्याने शिकावे लागले असते. सुरक्षेच्या खुणांचे मोल त्या सगळीकडे सारख्या असण्यात आहे, आणि इतरांना अडवण्याचा हक्क देणारे पेटंट नेमके या सारखेपणाच्या मुळावर येते.

‘मग सुरक्षित खुणा शोधायला कोण पैसे घालेल?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर असे की सुरक्षितता वस्तूतच आणली तर पेटंटचा मार्ग मोकळा असतो. कण्यात द्यायचे औषध चुकून शिरेत जाऊ नये म्हणून जोडणीचा असा आकार ठरवण्यात आला, की तो नेहमीच्या ल्यूअर जोडणीत (सिरिंज आणि सुई जोडणाऱ्या सर्वसाधारण जोडणीत) बसतच नाही. आयएसओ ८०३६९ मालिकेतल्या सहाव्या भागात तो प्रमाणित झाला आहे. तिथे माणसाने लेबल वाचले नाही, तो दमलेला असला, रात्रपाळी असली, तरी चुकीची जोडणी होत नाही. अशा विचाराला बक्षीस मिळायला हवे.

अमेरिकेत या विषयावर न्यायालयांचे निकाल मुबलक आहेत. तिथे आपल्यासारखे स्वतंत्र पोटकलम नाही. छापील मजकुराला दाव्यात (अर्जदार नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या भागात) वजन द्यायचे की नाही, एवढेच न्यायालये पाहतात. मजकूर आणि ज्या वस्तूवर तो छापला आहे ती वस्तू यांच्यात कार्यात्मक नाते असेल तर वजन मिळते, नसेल तर तो मजकूर नाहीच असे धरून उरलेल्या वस्तूचे नावीन्य तपासतात. २००४ च्या ‘इन री एनगाय’ प्रकरणात आरएनएवरच्या प्रक्रियेचा एक संच होता. त्यातले रसायन जुने होते, सोबतचा सूचनांचा कागद नवा होता. न्यायालयाने नकार दिला आणि कारणही नेमके दिले: हे मान्य केले तर जुन्या वस्तूला दर वेळी नवा सूचनापत्रक जोडून कुणीही पेटंट लांबवत राहील. २०१० च्या ‘किंग फार्मास्युटिकल्स विरुद्ध ईऑन लॅब्ज’ खटल्यात स्नायू शिथिल करणारे मेटाक्सॅलोन अन्नासोबत घेतले तर शरीरात जास्त शोषले जाते, ही माहिती रुग्णाला देण्याच्या पायरीवर दावा होता. तोही टिकला नाही. औषधाच्या खोक्यातला कागद बदलून मक्तेदारी वाढणार असेल, तर स्वस्त जेनेरिक औषधांवर जगणाऱ्या आपल्या देशाला ते परवडणारे नाही. या बाबतीत ३-एन ला आमचा पूर्ण पाठिंबा आहे.

तिथलाच एक निकाल मात्र आम्हाला पटत नाही. १९६९ च्या ‘इन री मिलर’ मध्ये मापाचे चमचे आणि कप होते. पाककृती अर्धी करायची असेल तर प्रत्येक माप मनात निम्मे करावे लागते. अर्जदाराने खऱ्या अर्ध्या कपाच्या रेघेवर ‘१ कप’ असे छापले आणि बाजूला ‘अर्ध्या पाककृतीसाठी’ अशी सूचना दिली. न्यायालयाने पेटंट मान्य केले, कारण खूण, सूचना आणि भांड्याचे आकारमान यांच्यात नाते आहे. नाते आहे हे खरे, पण भांडे पूर्वी जेवढे धरत होते तेवढेच धरते. वाचला तो फक्त मनातला भागाकार. ओतकामाच्या कारखान्यात साचेकार वापरतात ती आकुंचन-पट्टीही याच जातीची. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून त्या पट्टीवर १०० मिलिमीटरचा आकडा प्रत्यक्षात १०१ वर असतो. साचेकाराने नकाशातले माप घ्यायचे आणि पट्टीवरचा तोच आकडा पाहून आखायचे. हे साधन अत्यंत उपयोगी आहे, ते नसेल तर एक टक्का विसरल्याने अख्खा साचा वाया जातो. तरीही आज कुणी अशी पट्टी पहिल्यांदा घेऊन आले तर भारतीय कायद्यात तिला पेटंट मिळू नये, असेच आम्ही म्हणू. ती माणसाचे गणित आधीच करून पट्टीवर ठेवते. गणिती पद्धती ३-के मध्ये आणि मनाने करायच्या कृती ३-एम मध्ये वगळल्या आहेत, त्या छपाईच्या वाटेने परत आत घेणे बरोबर नाही.

व्हर्नियर कॅलिपर मात्र वेगळा. मुख्य पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा, सरकत्या पट्टीवर ४९ मिलिमीटरच्या लांबीत ५० सारखे भाग. म्हणजे सरकत्या पट्टीचा प्रत्येक भाग मिलिमीटरपेक्षा ०.०२ ने लहान. जबडा सरकला की कुठली तरी एकच रेघ समोरच्या रेघेशी तंतोतंत जुळते आणि त्यावरून दोन शतांश मिलिमीटरपर्यंतचे माप मिळते. इथेही शेवटी वाचतो माणूसच. पण हे माप आधी कुठे लिहिलेले नव्हते, ते दोन पट्ट्यांच्या भूमितीतून आणि सरकण्यातून तयार झाले. आकडे इंग्रजीऐवजी देवनागरीत छापा, काही बिघडत नाही. पण ४९ ऐवजी ४८.५ मिलिमीटरमध्ये ५० भाग पाडा, की कॅलिपर निकामी. सीमारेषा नेमकी इथून जाते. माणूस वाचतो की यंत्र, हा प्रश्न दुय्यम आहे.

दुकानाच्या गल्ल्यावरचा क्यूआर कोड जवळून पाहिला तर हे आणखी उघड होते. जपानच्या डेन्सो कंपनीतल्या तंत्रज्ञांनी तो १९९४ साली तयार केला. तीन कोपऱ्यांत तीन चौकोन असतात. प्रत्येक चौकोन सात घरांचा, आणि त्याच्या मध्यातून कुठल्याही कोनातून रेघ ओढली तरी काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा हे पट्टे १:१:३:१:१ याच प्रमाणात येतात. कॅमेरा तिरका असो वा उलटा, हे प्रमाण सापडले की त्याला कळते कोड कुठे आहे आणि कसा फिरलेला आहे. चौकोनांना जोडणाऱ्या आलटून-पालटून काळ्या-पांढऱ्या घरांच्या ओळीवरून घरांची मांडणी कळते. चुका दुरुस्त करण्याच्या चार पातळ्या आहेत. सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ७ टक्के आणि सर्वांत वरच्याला सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. छापखान्यात याचे काय बिघडते तेही याच रचनेतून कळते. भोवती चार घरांची कोरी कड ठेवावी लागते. स्टिकर कापताना ती गेली की चौकोन शेजारच्या चित्रात मिसळतात. मधोमध मोठा लोगो टाकला तर दुरुस्तीची सगळी ताकद त्यातच खर्च होते आणि मग एक ओरखडाही पुरतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोड छापला तर अनेक जुने वाचक तो ओळखतच नाहीत.

या कोडमध्ये कुठल्या दुकानाचा पत्ता आहे ही माहिती. ती बदला, कोड तसाच चालतो. कोपऱ्यातल्या चौकोनांचे प्रमाण बदला, कोड मेला. पहिल्या गोष्टीला पेटंट नको, दुसरीला योग्यच आहे. डेन्सोने पेटंट घेतले आणि प्रमाणानुसार केलेल्या वापराविरुद्ध ते न वापरण्याचे धोरण ठेवले, त्यामुळे प्रसार थांबला नाही. बारकोडच्या रचनेवरही पेटंट होते. वुडलँड आणि सिल्व्हर यांनी १९४९ मध्ये अर्ज केला, १९५२ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले.

धनादेशाच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवरचे विचित्र आकडेही असेच आहेत. नऊ अंकी एमआयसीआर क्रमांकात पहिले तीन अंक शहराचे, मुंबईसाठी ४००. पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. कुठल्या शाखेला कुठला अंक, ही माहिती. पण शाईत चुंबकीय द्रव्य असणे, आणि प्रत्येक अंकाचा आकार असा असणे की यंत्राच्या डोक्याखालून जाताना त्याची लहर दुसऱ्या अंकाच्या लहरीशी गल्लत करणार नाही, हे तंत्र आहे.

पोलिओ लसीच्या कुपीवरचे लेबल तर रसायनशास्त्रच आहे. वर्तुळाच्या आत एक फिका चौकोन असतो. साठलेल्या उष्णतेप्रमाणे त्यातले द्रव्य गडद होत जाते. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची. वर्तुळाचा रंग ही तुलनेची छापील खूण आहे. चौकोन मात्र सतत मोजत असतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात शीतपेटी किती वेळ उघडी राहिली, ते कुणी लिहून ठेवले नसले तरी त्या चौकोनात उमटलेले असते. ‘लेबल म्हणजे माहिती’ असे सरसकट म्हणणाऱ्याने हे लेबल एकदा हातात घेऊन पाहावे.

वेगळे काढायची कसोटी युरोपात २००० साली सापडली आहे. फिलिप्सच्या चित्र साठवणाऱ्या तबकडीच्या प्रकरणात, टी ११९४/९७ मध्ये, युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने दोन प्रकारचा डेटा वेगळा केला. माणसासाठीचा डेटा हरवला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतील, पण यंत्रणा चालू राहील. कार्यात्मक डेटा हरवला तर यंत्रणाच चालणार नाही. आपल्या तपासनिसाने हीच गोष्ट साध्या भाषेत विचारावी: छापलेल्या मजकुराचा अर्थ बदलला पण मांडणी ठेवली, तर वस्तू आपले काम करते का? आणि अर्थ ठेवून मांडणी बिघडवली तर?

मुंबईच्या डबेवाल्यांच्या खुणा या कसोटीला लावून पाहाव्यात, कारण त्यांचा अभिमान सगळ्यांनाच आहे. झाकणावर मध्ये ठळक आकडा उतरण्याच्या ठिकाणचा, कडेला इमारतीचा संकेत, मजला, पोचवणाऱ्याचा क्रमांक, आणि निघण्याच्या ठिकाणाची अक्षरे. स्टेशनवर छाननी करणारा माणूस क्षणभर पाहतो आणि डबा योग्य खोक्यात ठेवतो. ही व्यवस्था बुद्धिमान आहे, पण खुणेने डब्यात काहीच बदलत नाही. सारे काम वाचणाऱ्याच्या सरावाचे आहे. उद्या कुणी अशीच नवी संकेतपद्धत काढली तर ३-एन आणि ३-एम दोन्ही आड येतील, आणि ते योग्यच होईल. अशी पद्धत कुणालाही उचलता आली पाहिजे.

आता तक्रारीची बाजू. ३-के मध्ये संगणकीय आज्ञावलीबाबत ‘पर से’ हे शब्द आहेत, म्हणजे नुसती आज्ञावली वगळली आहे. ३-एन मध्ये ते शब्द नाहीत. त्यामुळे दाव्यात कुठे रेघ, चिन्ह किंवा पडदा दिसला की हा आक्षेप घालणे सोपे जाते. संगणकीय शोधांसाठी कार्यालयाने २०१७ मध्ये सविस्तर मार्गदर्शिका काढली. ३-एन साठी पुस्तिकेतले ते एक-दोन परिच्छेदच आहेत, आणि त्यांतली सगळी उदाहरणे नकाराची. मान्य होईल अशा खुणेचे एकही उदाहरण नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या ‘बार्ड विरुद्ध अँजिओडायनॅमिक्स’ खटल्यातला समतोल इथे उपयोगी पडेल. त्वचेखाली बसवायच्या पोर्टवर (शिरेत औषध सोडण्याच्या उपकरणावर) क्ष-किरणात दिसणारी खूण होती. दाबाने औषध सोडण्यासाठी हा पोर्ट चालतो, असे ती सांगत होती. न्यायालय म्हणाले, त्या माहितीला वजन नाही, पण तेवढ्यावरून अख्खा दावा अपात्र ठरवता येत नाही, कारण दावा केवळ छापील मजकुराचा नाही. आपल्याकडेही दावा तुकड्यांत न पाहता संपूर्ण पाहावा. ३-एन मध्ये फक्त तो दावा जावा ज्यातून माहिती काढली तर नवे काही उरतच नाही.

अर्जदारांच्या चुकाही कमी नसतात. समजा औषधाच्या बाटलीचे झाकण आहे, उघडले की खिडकीत पुढच्या गोळीची वेळ दिसते. सात दिवस, दिवसाला दोन वेळा, म्हणून चकतीवर १४ खुणा. दावा जर ‘सकाळ आणि संध्याकाळ असे शब्द छापलेले झाकण’ असा लिहिला, तर तो ३-एन मध्ये गेलाच म्हणून समजा. खरा शोध असेल तर तो आतल्या दातेरी चाकात असतो. चाकालाही १४ च दाते हवेत, एका उघडण्याला सुमारे २५.७ अंश. दाते १५ केले तर दुसऱ्याच वेळी खूण खिडकीच्या मध्यावरून सरकते आणि सुमारे चार दिवसांत दोन खुणा अर्ध्या-अर्ध्या दिसू लागतात. झाकण अर्धवट फिरवून सोडले तर चाक पुढे जाऊ नये यासाठी काय केले आहे, हेही महत्त्वाचे. दाव्यात समान कोनांवरच्या खुणा, तेवढेच दाते, अटकाव आणि खिडकी यांचे नाते लिहावे आणि शब्द काय आहेत ते मोकळे सोडावे. वर्णनात जुन्या झाकणाशी तुलना करून चाचणीचे आकडे द्यावेत, कारण कायद्यातली शोधक पायरीची व्याख्या तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व मागते. आणि आधी शोध घ्यावा. अशी झाकणे बाजारात पूर्वीपासून आहेत, म्हणून आपल्या चाकात वेगळे काय आहे ते पहिल्यांदा स्वतःला सांगता आले पाहिजे.

वस्तू गोरेगावच्या प्रदर्शनात मांडायच्या आधी अर्ज करावा, निदान तात्पुरत्या तपशिलासह. त्यानंतर पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात. प्रदर्शनात आधी दाखवल्यास मिळणारी सूट केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि तपासणीचे ४,०००. मोठ्या कंपन्यांना ८,००० आणि २०,०००. पहिल्या तपासणी अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते. ३-एन चा आक्षेप आला तर ‘ही माहिती फार उपयोगी आहे’ असा युक्तिवाद करू नये, त्याने आक्षेप अधिकच पक्का होतो. खुणेची जागा, अंतर किंवा द्रव्य बदलले तर वस्तूत काय बिघडते, ते दाखवावे. नकार आल्यास तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

नुसती छपाईच नवी असेल तर दुसरे दरवाजे आहेत. वस्तूवरची नक्षी किंवा रंगरेषांची मांडणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येते, संरक्षण १० वर्षे आणि वाढवून १५. पण ते डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाचे, उपयोगाचे नाही. लेबले, कॅलेंडरे, कार्डे, नकाशे तिथे नोंदले जात नाहीत. तक्ते आणि सूचनांच्या मजकुरावर कॉपीराइट असतो, लेबलाच्या चित्रावरही असतो, आणि लेबल ट्रेडमार्क म्हणूनही नोंदवता येते. यांपैकी कशानेही खुणेमागची कल्पना अडवता येत नाही. दुसऱ्या कंपनीला तीच पट्टी आपल्या शब्दांत छापता येते, आणि सिरिंजच्या बाबतीत तर तिने ती छापलीच पाहिजे.